गाडी लागली नव्हती: थारमधल्या सीओटू टाकीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गटातलं आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. आकडे आमच्या वहीतले आहेत. जिथे अंदाज आहे तिथे तो अंदाज असल्याचं लिहिलं आहे. मी या प्रकरणाचा नुसता साक्षीदार नाही. टायरमध्ये हवेऐवजी भरायच्या कार्बन डायऑक्साइडची (म्हणजेच सीओटूची) टाकी गाडीत बसवायचं गणित माझं होतं, म्हणजे चुकीतला वाटाही माझा आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातले आम्ही सात-आठ जण. तीन गाड्या: दोन थार आणि एक जुनी जिप्सी. पावसाळ्यात मुळशी, वेल्हे, ताम्हिणीच्या खाली विळे-कोलाडच्या बाजूला कुणाच्या तरी खाजगी जागेत, जमीनमालकाला विचारून, चिखलात गाड्या घालायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढाच छंद. यातल्या एका थारचा मालक सगळ्यांत उत्साही. 2020 नंतरची नवी थार, हार्डटॉप, टायर 245/75 आर 16. त्याला या लेखात नुसतं 'मालक' म्हणतो.

चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा कमी करावी लागते, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. डांबरी रस्त्यावर आम्ही 30 पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक) ठेवतो, चिखलात 18. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते, दगडावर आपटला तरी लवकर फाटत नाही. हवा काढायला दोन मिनिटं लागतात. परत भरणं हे मात्र जिकिरीचं काम. 18 वर डांबरी रस्त्याने वेगात गेलं तर टायर तापतो, वळणावर गाडी डुलते. म्हणजे घरी निघायच्या आधी भरायलाच हवी, आणि जिथून आपण बाहेर पडतो तिथे पंक्चरवाला नसतो.

अडचण

आमच्याकडे होता तो सिगरेट लायटरच्या भोकात खुपसायचा छोटा कॉम्प्रेसर. खोक्यावर मिनिटाला 35 लिटर लिहिलेलं. पण तो आकडा समोर दाब नसतानाचा. टायरमध्ये दाब चढत जातो तसा तो बराच खाली येतो. एका टायरला सहा-सात मिनिटं, आणि दोन टायर झाले की तो तापून आपोआप बंद पडायचा. मग पंधरा मिनिटं त्याला वारा घालत बसायचं. तीन गाड्यांचे बारा टायर म्हणजे जवळपास अडीच तास. भर पावसात, अंधार पडताना, घाट चढायचा बाकी असताना.

एकदा जिप्सीचा टायर रिमवरून उतरला. तो परत बसवायला हवेचा एकदम झोत लागतो, तो या कॉम्प्रेसरकडे नव्हताच. जिप्सी रात्रभर तिथेच सोडून यावी लागली. दुसऱ्या दिवशी पौडहून टायरवाल्याला त्याच्या टाकीसकट गाडीत घालून नेलं. त्या फेरीनंतर मालक म्हणाला, "आता गाडीत टाकी बसवतोच."

समोरचे पर्याय

टाकी म्हणजे कसली, यावर महिनाभर चर्चा झाली.

पहिला पर्याय चांगल्या प्रतीचा, बॅटरीला थेट जोडायचा कॉम्प्रेसर. बॉनेटखाली कायमचा बसतो, कधी संपत नाही. पण बारा टायरना वेळ लागणारच, आणि टायर रिमवर बसवायचा तर त्याच्यासोबत हवेची छोटी टाकीही लावावी लागते.

दुसरा पर्याय पाणबुड्यांच्या टाकीचा. आमच्यातल्या एकाने तारकर्लीला स्कुबा केलं होतं, त्याची ही सूचना. बारा लिटरच्या टाकीत 200 बारने (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) हवा भरली की 2400 लिटर हवा मिळते. आणि ती साधी हवा असते, हे तेव्हा आम्हाला महत्त्वाचं वाटलंच नाही. टाकी भरायला दर वेळी मालवण गाठायचं का, या प्रश्नावर हसून विषय संपला.

तिसरा नायट्रोजन. दाब जास्त, वजन जास्त, गॅस कमी. साडेसात लिटरच्या टाकीत 150 बारने भरला तर अकराशे-साडेअकराशे लिटर. त्याच आकाराच्या टाकीत पाच किलो कार्बन डायऑक्साइड बसतो आणि एका किलोचा बाहेर साधारण 540 लिटर वायू होतो, म्हणजे 2700 लिटर. कारण तो टाकीत द्रवरूपात असतो. सोडावाल्याची टाकी छोटी असून इतके दिवस पुरते ती याचमुळे.

मी कागदावर मांडलेलं गणित असं: थारच्या टायरमध्ये साधारण 65 लिटर जागा. 18 वरून 30 पीएसआयला न्यायला सुमारे 53 लिटर वायू. म्हणजे टायरमागे शंभर ग्रॅम. पाच किलोत कागदावर पन्नास टायर, प्रत्यक्षात चाळीस धरा. एका टायरला मिनिटाच्या आत. ना बॅटरी, ना मोटर, ना तापणं. या हिशेबापुढे बाकीचे पर्याय फिके पडले. आज मागे वळून बघतो तेव्हा लक्षात येतं की सगळी तुलना आम्ही लिटर, किलो आणि मिनिटांत केली. वायू गळला तर काय, हा रकाना त्या तक्त्यात नव्हताच.

टाकीची निवड, आणि पहिला धडा

मालकाने आधी स्वस्तातला मार्ग धरला. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडे साडेचार किलोचं जुनं सीओटू अग्निशामक पडलेलं होतं. त्याचा दाबायचा मुठीचा व्हॉल्व्ह काढून लेथवर एक जोड करून घेतला आणि त्याला वेल्डिंगचा रेग्युलेटर लावला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी. व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर रेग्युलेटर पांढरा पडला, पाइप काठीसारखा ताठ झाला आणि तोंडातून बर्फाचा भुगा उडाला. वॉचमन पळाला. मालकाचं बोट थोडं भाजलं. गारठ्याने भाजलं, पण भाजलंच.

कारण साधं होतं. आगीवर मारायच्या सीओटू सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हपासून तळापर्यंत एक नळी सोडलेली असते. त्यामुळे वरचा वायू नाही, तळाचा द्रव बाहेर येतो. आगीला तेच हवं असतं. टायरला वरचा वायू हवा. एकाने सुचवलं की मग टाकी उलटीच बसवा, नळीचं तोंड वायूत येईल. तर्क बरोबर होता. पण व्हॉल्व्ह खाली, चिखलात आणि दगडांच्या उंचीवर ठेवायचा म्हणजे दुसरं संकट. शिवाय लेथवर केलेला जोड. टाकीतला दाब 20 अंशांना 57 बार, 30 अंशांना 72 बार. टायरच्या दाबाच्या सत्तावीस ते पस्तीस पट. तो जोड आम्ही तिथल्या तिथे करवतीने कापला, म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको.

या ठिकाणचा निर्णय चांगला झाला असं मला अजूनही वाटतं. जुनं सिलिंडर भंगारात गेलं आणि गॅसच्या डीलरकडून आत नळी नसलेली, पाच किलोची नवी स्टीलची टाकी घेतली. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम 2016 लागू आहेत आणि सिलिंडरला नागपूर मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता लागते. परदेशातून मागवलेली चकचकीत ॲल्युमिनियमची टाकी त्यामुळेच बाद झाली. मान्यतेचा शिक्का नसलेली टाकी डीलर भरून देत नाही, आणि त्याने देऊही नये. टाकीच्या मानेवर रिकामं वजन आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. सीओटूच्या टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. आमच्या टाकीचं रिकामं वजन 11.4 किलो, भरून 16.4.

रेग्युलेटरही बदलला. वेल्डिंगचा रेग्युलेटर मिनिटाला इतके लिटर असा मोजून सोडतो, त्याचा टायरला उपयोग कमी. 10 बारपर्यंत दाब देणारा, जास्त प्रवाहाचा घेतला. त्याच्या बाहेरच्या बाजूला छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. तो पुढे गोष्टीत येणार आहे.

एक गोष्ट डीलरकडच्या पोऱ्याने शिकवली, ती मोलाची निघाली. "साहेब, काटा बघून गॅस किती उरला कळत नाही, वजन करा." खरंच. आत द्रवाचा एक थेंब असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो. टाकी भरलेली असो की तळाला आलेली, काटा तिथेच. म्हणून एक हुकाचा काटा घेतला आणि प्रत्येक फेरीआधी-नंतर वजन वहीत लिहायला सुरुवात केली. त्या वहीमुळेच हे लिहिता येतंय.

टाकी बसवणं

यात आम्ही सर्वांत जास्त डोकं घातलं, आणि काम झालंही चांगलं. म्हणून थोडं सविस्तर.

टाकी उभी ठेवायची, व्हॉल्व्ह वर, हे ठरलेलं होतं. आडवी ठेवली तर व्हॉल्व्हपाशी द्रव येतो आणि पार्किंगमधला बर्फ पुन्हा. जागा: मागच्या सीटच्या पाठीमागे, उजवीकडे. थारची डिकी म्हणजे दोन पिशव्यांची जागा, त्यातली एक गेली.

किती मजबूत बसवायची? सीएनजी गाड्यांच्या टाक्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा 110 क्रमांकाचा नियम आहे. त्यात प्रवासी गाडीतली भरलेली टाकी गाडीच्या दिशेत 20 जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट ओढ) आणि आडव्या दिशेत 8 जी सहन करेल अशी बसवायला सांगितलंय. आमची टाकी इंधनाची नव्हती, पण धडक ती धडकच. 16.4 किलोच्या वीसपट म्हणजे सव्वातीनशे किलो. मागच्या सीटवर लेकरू बसणार, त्याच्या डोक्यामागे सोळा किलोचं लोखंड. हा आकडा मी धरून बसलो.

फॅब्रिकेटरने आधी दोन जुबली क्लिपांवर (पाइप आवळायच्या स्क्रूच्या पट्ट्यांवर) काम भागवलं होतं. "दादा, हत्ती बांधला तरी हलणार नाही." मग आम्ही हत्तीच बांधला: त्याच्याच शेडमधल्या चेन पुलीला हुकाचा काटा लावून टाकी ओढली. दीडशे किलोला क्लिपचे आटे सुटले. दुसऱ्यांदा 40 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड पट्टीचे दोन क्लॅम्प केले, आत रबर. आता पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत, पण लांबीच्या दिशेने ओढल्यावर दोनशे किलोला टाकीच क्लॅम्पमधून साबणासारखी सरकली. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गाडी उलटली तर टाकी क्लॅम्पमधून वर निसटून टपावर आदळली असती. मग तळाला एक वाटी आणि खांद्यावर अडवणारी पट्टी आली. तिसऱ्या चाचणीत साडेतीनशे किलोला काही हललं नाही.

बोल्ट आठ एमएमचे, 8.8 ग्रेडचे, चार. त्यांची चिंता नव्हती, असा एकेक बोल्ट दोन टन झेलतो. कमजोर असतो तो खालचा पत्रा. बोल्ट तुटत नाही, पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून गाडीखालून 4 मिलिमीटरच्या प्लेटा लावल्या. रोलकेजला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगचा टाकाही लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. ज्या नळ्यांनी उलटलेल्या गाडीत आपलं डोकं वाचवायचं, त्यांनाच कमजोर करण्यात अर्थ नाही.

टाकीच्या तोंडाशी एक चिठ्ठी चिकटवली: 'वापर झाला की मुख्य व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढा, टोपी लावा.' पहिल्या चार फेऱ्या हे अक्षरशः पाळलं. टाकी अफलातून चालली. बारा टायर पंचवीस मिनिटांत. बाकीचे गट विचारायला लागले. कौतुकाने माणूस सैल होतो.

त्या रविवारी काय झालं

जुलैचा शेवट. विळ्याच्या बाजूला दिवसभर चिखल. संध्याकाळी पाचला पाऊस इतका वाढला की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बारा टायर भरले. शेवटचा टायर जिप्सीचा, भरणारा जिप्सीवाल्याचा भाऊ, पहिल्यांदाच आलेला. मालक दुसऱ्या गाडीची दोरी सोडवत होता. त्या मुलाने ओरडून विचारलं, "टाकी बंद करू?" मालक म्हणाला, "कर, आणि पाइप आत टाक." पाइप आत टाकला, दार लावलं, निघालो.

थारमध्ये चौघं. मालक चालवत होता, शेजारी वहिनी, मागे त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. काचा बंद, एसी चालू, आणि बाहेरची दमट हवा नको म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं.

घाट चढायला लागून दहा-बारा मिनिटं झाली असतील. मुलगी म्हणाली, "बाबा, कसंतरी होतंय." वहिनींनी पर्समधून आलेपाक काढून दिला. ताम्हिणीत पोरांना गाडी लागते, त्यात नवल ते काय. थोड्या वेळाने माझंही डोकं ठणकायला लागलं. दिवसभर पाणी प्यायलो नाही म्हणून, असं मी ठरवून टाकलं. मग वहिनींनाही गरगरायला लागलं. मालक जांभया देत होता, पण तो सकाळी चारला उठलेला. चौघांना चार कारणं मिळाली होती आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

मुलगी म्हणाली, "श्वास घेतला तरी पुरत नाही." हे वाक्य मी ऐकलं, आणि त्याचा अर्थ लावला नाही. हे लिहायला लाज वाटते, कारण माझी नोकरीच कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. टाकीत, खड्ड्यात, बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याच्या परवान्यावर मी सही करतो. आत वायू मोजल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देत नाही. आणि इथे मीच एका बंदिस्त जागेत बसलो होतो, पाठीमागे पाच किलोची टाकी घेऊन.

वाचवलं ते उलटीने. वहिनींना मळमळलं म्हणून त्यांनी पाऊस आत येत असतानाही काच पूर्ण खाली केली. मालकाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पाऊस एक क्षण कमी झाला आणि मागून आवाज आला. बारीक, सलग, प्रेशर कुकर शिट्टीच्या आधी करतो तसा. मी मुलीला उचलून बाहेर काढलं आणि सगळी दारं उघडली. बाहेरच्या हवेत पाच मिनिटांत मुलगी बरी झाली, आम्ही तासाभरात. माझं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड होतं. मुलीला रात्रीच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काय झालं ते नीट ऐकून घेतलं, तपासलं, काही निघालं नाही.

आवाज कुठून येत होता

त्या मुलाने टाकी बंद केली नव्हती असं नाही. त्याने 'बंद' केली होती, पण चुकीची मूठ फिरवून. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह नळासारखा, घड्याळाच्या दिशेने बंद होतो. रेग्युलेटरची मूठ बरोबर उलटी: घड्याळाच्या दिशेने फिरवली की दाब वाढतो, उलट फिरवून सैल केली की बंद. त्याने समोर दिसली ती मूठ नळ बंद करावा तशी घट्ट आवळली. पाइपातला दाब रेग्युलेटरच्या मर्यादेला जाऊन भिडला आणि त्याचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याचं कामच ते आहे, हळूहळू वायू सोडत राहिला. कुठलाच भाग निकामी झाला नव्हता. सगळे आपापलं काम करत होते.

घरी वजन केलं. सकाळी 15.9 किलो, रात्री 14.1. म्हणजे 1.8 किलो गेला. टायरमागे शंभर ग्रॅमने बारा टायरचा 1.2 किलो. एखादा छटाक पाइप जोडता-सोडताना जातो. उरलेला सुमारे अर्धा किलो गाडीत आमच्यासोबत होता. अर्धा किलो म्हणजे 270 लिटर. थारच्या आतली जागा ढोबळमानाने तीन हजार लिटर. गाडी हवाबंद डबा असती तर हे प्रमाण नऊ टक्के झालं असतं. दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. गाडी हवाबंद नसते, फटींतून हवा बदलत राहते, म्हणून प्रत्यक्षात तीन-चार टक्के असावं, असा माझा अंदाज. चार टक्के हाच आकडा कारखान्यात 'जिवाला तात्काळ धोका' म्हणून माझ्या भिंतीवर लावलेला आहे.

हा वायू हवेच्या दीडपट जड. त्यामुळे टाकीच्या जवळ आणि खाली बसलेल्याला आधी लागतो. मुलगी दोन्ही होती. नशिबाचा भाग एवढाच की कार्बन डायऑक्साइड वाढला की शरीर लगेच धाप लावून ओरडतं. आम्ही नायट्रोजन घेतला असता तर ही धापही लागली नसती. त्यात माणूस शांतपणे झोपी जातो.

नंतरचे निर्णय

पंधरा दिवस वाद चालला. मालकाचं म्हणणं: चूक माणसाची होती, टाकीची नाही. रेग्युलेटर काढायचाच हा नियम कडक करू, गाडीत कार्बन डायऑक्साइड मोजणारं अलार्म यंत्र ठेवू, टाकी तिथेच राहू दे. एवढी मेहनत केली आहे. या म्हणण्यात तथ्य होतं, आणि मीही अर्धा त्याच्या बाजूचा होतो. क्लॅम्प माझेच होते.

मला बाजू बदलायला लावली ती टाकीच्या व्हॉल्व्हवरच्या एका चकतीने. आतला दाब फार वाढला तर टाकी फुटू नये म्हणून ही पातळ चकती आधी फुटते आणि सगळा वायू सोडून देते. ती बंद करायचा नळ नाही. मुख्य व्हॉल्व्ह कितीही आवळा, टोपी लावा, चकती फुटली की टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. आणि दाब वाढायला मे महिना पुरेसा आहे. 31 अंशांच्या वर हा वायू द्रव राहतच नाही. उन्हात उभ्या गाडीत साठ अंश झाले तर पूर्ण भरलेल्या टाकीतला दाब दीडशे बारच्या वर जातो. डीलरने चुकून थोडा जास्त भरला असेल तर त्याहून बराच वर. पाच किलो एका दमात म्हणजे 2700 लिटर, तीन हजार लिटरच्या गाडीत. तिथे काच खाली करायला वेळ नसतो, अलार्म वाजला तरी काय.

हे मांडल्यावर मालक गप्प झाला. टाकी बंद गाडीतून बाहेर काढायची, हे ठरलं. बाहेर कुठे? थारच्या मागच्या दारावर आधीच सुटं चाक असतं आणि मागून धडक बसली तर पहिला मार तिथेच. टपावर ठेवली तर सोळा किलो सर्वांत उंच जागी, वर थेट ऊन. शेवटी टाकी गेली जिप्सीत. तिचा मागचा हौदा उघडा, वरून फक्त ताडपत्री, बाजू मोकळ्या. क्लॅम्प तेच, प्लेटा नव्या. चेन पुलीवर पुन्हा ओढून पाहिलं. उन्हाळ्यात फेरी नसते तेव्हा टाकी गाडीत ठेवतच नाही. ती जिप्सीवाल्याच्या गॅरेजच्या सावलीत, खिडकीशी साखळीने उभी असते.

रेग्युलेटरच्या मुठीला लाल रंग दिला आणि वर पत्र्याचं झाकण बसवलं. बंद करणारा आणि तपासणारा वेगळा माणूस, आणि तपासणाऱ्याने रेग्युलेटर हातात घेऊन दाखवायचा. काढलेला रेग्युलेटर हातात दिसला म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह बंद आहेच, कारण तो उघडा असताना कुणी रेग्युलेटर काढायला जाणार नाही. चिठ्ठीपेक्षा हे चांगलं चालतं. मालकाने थारमध्ये बॉनेटखाली चांगला कॉम्प्रेसर लावला. चार टायरना वीसेक मिनिटं घेतो. तो एकटा जातो तेव्हा तेवढं पुरतं.

टायरमध्ये गेलेला कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, टायरला अपाय नसतो. पुण्यात आल्यावर आठवड्याभरात पंपावर दाब बघून साध्या हवेने बरोबर करायचा, इतकंच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला फाटा फुटला तो पर्यायांच्या चर्चेत. तारकर्लीच्या टाकीवर आम्ही हसलो, पण तिच्यात एक गुण होता: गळली तरी ती श्वास घेण्याजोगी हवाच. भरण्याच्या अडचणीमुळे ती बाद झाली असतीच. मात्र बाद करताना हा गुण कुणी बोललं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता.

दुसरा फाटा जागा ठरवताना. 20 जीचा आकडा मी इतका घट्ट धरला की टाकी कुठे बसवायची हा प्रश्न 'कशाला बोल्ट लागतील' इतकाच उरला. भरपूर गणित केल्यावर आपण सुरक्षिततेचं काम केलं असं वाटतं. मी पाच ओळींचं अजून एक गणित केलं असतं, किलो गुणिले 540 भागिले गाडीची जागा, तर टाकी आत आलीच नसती. ते गणित मी कारखान्यात दर आठवड्याला करतो. रविवारी केलं नाही.

तिसरा फाटा पावसात, "टाकी बंद करू?" या प्रश्नापाशी. इथे मालकाला दोष देणारे गटात आहेत. मी देत नाही. चार फेऱ्या सगळं नीट झालेलं, अंधार, पाऊस, नवा मुलगा मदत करतोय. मीही 'कर' म्हणालो असतो. एकमेकांच्या शेजारी असलेल्या, उलट्या दिशेने बंद होणाऱ्या दोन मुठी नव्या माणसाच्या हाती दिल्या, चूक तिथे आहे.

आणि चौथा, घाटात. मुलगी श्वासाबद्दल बोलली तेव्हा आम्ही तिला आलेपाक देऊन गप्प केलं होतं. गाडी लागते तेव्हा मळमळतं, गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं; श्वास पुरत नाही असं कुणी म्हणत नाही. आणि गाडी चौघांनाही एकदम लागत नाही. हे दोन फरक मला आता माहीत आहेत. गाडीत कुठलीही टाकी असताना एकाला जरी धाप लागली तर आधी काचा खाली, मग कारण, असं आम्ही ठरवलंय. जिप्सीतही.

मुलीने त्यानंतर दोन महिने थारमध्ये बसायच्या आधी मागे वाकून बघायची सवय लावून घेतली होती. टाकी गेली, पत्र्यातली चार भोकं राहिली. त्यांना रबराची बुचं लावली आहेत. त्यातल्या एकातून, गाडी ओढ्यात घातली की, पाणी अजूनही आत येतं, आणि मालक दर वेळी मला फोन करून तेवढं सांगतो.